‘सध्या थांबते’ असा मेसेज पाठवण्याआधी

प्रश्न : मी छत्तीस वर्षांची आहे. काही महिन्यांपासून आठवड्यातून एकदा थेरपीला जाते. झोप लागत नव्हती आणि नोकरी पुन्हा सोडली होती, म्हणून गेले. माझं नेहमी असंच होतं. कुठेही गेले की सुरुवातीला सगळ्यांची लाडकी असते. पडेल ते काम करते. मग कधीतरी कुणी काही बोलतं, किंवा आपल्याला गृहीत धरलं जातंय असं वाटतं आणि माझं मन तिथून उठतं. मी भांडत कधीच नाही. काहीतरी कारण सांगते, सगळ्यांशी गोड बोलते आणि बाहेर पडते. दोन जवळची नातीही अशीच संपली.

माझ्या थेरपिस्ट सायकोडायनॅमिक, म्हणजे नेणिवेतलं मन उलगडण्याच्या, पद्धतीने काम करतात. त्या फार कमी बोलतात. ‘मी काय करू?’ असं विचारलं तर ‘हा प्रश्न आत्ताच का मनात आला असेल?’ असं उलट विचारतात. फिरून फिरून लहानपणावर येतात. माझं लहानपण छान गेलं. आई बराच काळ आजारी असायची, पण मी समजूतदार होते, कुणाला त्रास दिला नाही. त्यात उकरून काढण्यासारखं काही नाही. माझी मैत्रीण दुसऱ्या पद्धतीच्या थेरपीला जाते. तिला दर आठवड्याला गृहपाठ मिळतो आणि तिला फरकही पडलाय. मध्यंतरी माझ्या थेरपिस्ट रजेवर होत्या. त्या परत आल्यापासून मला तिथे जावंसंच वाटत नाही. ‘कामाचा व्याप वाढल्यामुळे सध्या थांबते’ असा मेसेज लिहून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही. सुप्त मन, नेणीव वगैरे खरंच काही असतं का? की हा नुसता वेळ आणि पैसा घालवण्याचा प्रकार आहे? थांबू का? (नाव छापू नये.)

उत्तर : तो मेसेज आत्ता पाठवू नका. पुढच्या सेशनला जा आणि तो त्यांना मोबाइलवरून वाचून दाखवा. त्यानंतरही थांबावंसं वाटलं तर जरूर थांबा. कसं थांबायचं तेही पुढे लिहिते. पण आधी वाचून दाखवा. इतक्या महिन्यांत तुम्ही त्या खोलीत जे काही बोलला असाल, त्यापेक्षा हा न पाठवलेला मेसेज जास्त कामाचा ठरेल असं मला वाटतं.

तुमचंच पत्र एकदा पुन्हा वाचा. नोकरी कशी सोडता ते तुम्ही फार नेमकं लिहिलंय. कुणीतरी दुखावतं, मन उठतं, भांडण होत नाही, एखादं सभ्य कारण पुढे केलं जातं आणि तुम्ही गोड बोलून बाहेर पडता. पत्राच्या शेवटी थेरपी सोडण्याचा बेत आहे, तो हुबेहूब तसाच. कारणही तयार आहे, कामाचा व्याप. आणि सध्या तर तुम्ही नोकरीच सोडलेली आहे! एकाच बैठकीत तुम्ही हे दोन्ही लिहिलंत, तरी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नाहीत. नेणीव म्हणजे काय हे सांगायला मला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. तिथे एखादं भयंकर गुपित पुरलेलं असतंच असं नाही. पुष्कळदा दोन्ही गोष्टी उघड्यावर असतात, त्यांच्यातला संबंध तेवढा नजरेआड राहतो. आणि तो तसा राहण्यात आपली काहीतरी सोय असते. मला तो दिसला यात माझी काही हुशारी नाही. माझी त्यात सोय-गैरसोय काहीच नाही, म्हणून दिसला.

‘खरंच असतं का?’ या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. एद्वार क्लापारेद या स्विस मानसशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईंची हकीकत प्रसिद्ध केली. नवं काही त्यांच्या लक्षात राहत नसे; रोज भेटणारी माणसंही रोज अनोळखी. एकदा क्लापारेद यांनी हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. टाचणी टोचली. थोड्याच वेळात बाई ते विसरल्या. पण नंतर पुन्हा हात पुढे केल्यावर त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला. का, ते सांगता येईना. फार विचारल्यावर म्हणाल्या, कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या असतात. (आज असा प्रयोग कुणी करायला निघालं तर नीतिसमिती दारातूनच परत पाठवेल, ते सोडा.) टोचल्याची आठवण पुसली गेली होती, पण टोचल्यातून आलेला सावधपणा टिकून होता. आणि कारण विचारल्यावर बाईंनी एक बऱ्यापैकी शहाणपणाचं वाटणारं कारणही दिलं. तुमची स्मरणशक्ती शाबूत आहे, पण हात मागे घेणं आणि हात मागे घेण्याचं खरं कारण यांची अशी ताटातूट आपल्या सगळ्यांच्या बाबतीत होत असते. लहान वयात, शब्द नीट हाताशी नसताना जे शिकलं जातं, त्यात तर फारच.

तुमची थेरपी ज्या परंपरेतून आली, तिच्या उगमाशी मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड आहेत. त्यांचं सगळंच्या सगळं मानणारे थेरपिस्ट आज सापडणं कठीण. स्त्रियांविषयीचे त्यांचे सिद्धान्त तर मला वाचवतही नाहीत. पण १९१४ च्या एका निबंधातलं त्यांचं निरीक्षण टिकून राहिलं. माणसाला जे आठवत नाही ते तो करून दाखवतो आणि आपण तेच ते पुन्हा करतोय याची त्याला कल्पना नसते. थेरपीच्या खोलीतही तो हेच करतो. आधीच्या माणसांविषयीच्या अपेक्षा, भीती, राग हे सगळं समोर बसलेल्या थेरपिस्टवर येऊन बसतं. याला ट्रान्सफरन्स म्हणतात.

फ्रॉईडना हा धडा एका अठरा वर्षांच्या मुलीने शिकवला. ती गोष्ट तुमच्या फार जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘डोरा’ या टोपणनावाने ती ओळखली जाते. १९०० च्या ऑक्टोबरमध्ये वडिलांनी तिला फ्रॉईडकडे नेलं. घराशी जवळीक असलेल्या एका विवाहित माणसाने तिच्याशी लगट केली होती आणि त्याच माणसाच्या बायकोशी तिच्या वडिलांचे संबंध होते. मुलगी सांगत होती ते घरात कुणी मानायला तयार नव्हतं. फ्रॉईडनी ते खरं मानलं, पण तुझंही त्या माणसावर मनातून प्रेम आहे, हा अर्थ तिच्या गळी उतरवत राहिले. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी तिने येऊन सांगितलं, आज शेवटचं. कधी ठरवलंस, असं विचारल्यावर म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वी. फ्रॉईडच्या लक्षात आलं की ही तर घरातल्या नोकराणीने किंवा मुलांच्या शिक्षिकेने द्यावी तशी नोटीस झाली. पुढे १९०५ मध्ये ही हकीकत छापताना त्यांनी कबूल केलं की तिचं ट्रान्सफरन्स आपण वेळेत ओळखलं नाही. ज्या माणसांवर तिचा राग होता त्यांच्याच रांगेत तिने आपल्याला बसवलं होतं आणि त्यांचा सूड आपल्यावर उगवला, असं त्यांचं म्हणणं.

हे अर्धंच खरं आहे. तिला निघून जावंसं वाटण्याची खरी कारणंही होती. तिचं ऐकून घेण्याऐवजी तिला पढवलं जात होतं. जुनी जखम आणि समोरच्याची आजची चूक, दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. तुमच्या बाबतीतही हे दोन्ही प्रश्न उघडे ठेवायला हवेत : तुम्ही नेहमीसारख्या निघून जाताय का, आणि तुमच्या थेरपिस्टचं खरंच काही चुकतंय का? आज तुम्हाला यातलं काहीच कळू शकत नाही, कारण त्यांना तुम्ही अजून काही सांगितलेलंच नाही. पंधरा दिवस मनात ठेवून डोराने शेवटी सांगितलं तरी. तुमचा बेत तर मेसेज करून मोकळं होण्याचा आहे.

आता लहानपण. डेव्हिड मॅलन या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी एक त्रिकोण रूढ केला. एका कोपऱ्यात भूतकाळातली माणसं, दुसऱ्यात आत्ताच्या आयुष्यातली, तिसऱ्यात थेरपिस्ट. एकच भावना दोन किंवा तिन्ही कोपऱ्यांत सापडली की तिथे थांबायचं आणि बघायचं. तुमच्या थेरपिस्ट लहानपणावर येतात त्या बहुधा हा कोपरा भरायला. आई दोषी होती हे सिद्ध करायला नव्हे. आजारी पडणं हा काही आईचा गुन्हा नाही आणि तुमच्या पत्रात तिच्याविषयी मला कुठे कडवटपणाही दिसला नाही. पण ‘कुणाला त्रास दिला नाही’ हे तुम्ही ज्या अभिमानाने लिहिलंय, तिथे मी जराशी अडखळले. ज्या घरात मोठं माणूस अंथरुणाला खिळलेलं असतं, तिथलं मूल बहुतेक वेळा लवकर हुशार होतं. मागायचं नाही, रुसायचं नाही, चिडायचं तर मुळीच नाही, कारण चिडलं आणि तिला काही झालं तर? अशा मुलाचा राग नाहीसा होत नाही. त्याला जायला वाट नसते, म्हणून तो दुसरं रूप घेतो. कधी अतिरेकी कामसूपणाचं, कधी ‘मला तुमची गरजच नाही’ या कोरडेपणाचं. फ्रॉईड यांची मुलगी, मनोविश्लेषक ॲना फ्रॉईड यांनी १९३६ मध्ये अशा बचावाच्या तऱ्हांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट ही की हे बचाव म्हणजे दोष नव्हेत, एकेकाळी ते उपयोगी पडलेले असतात. तुमच्या समजूतदारपणाने एक कठीण काळ निभावून नेला असेल.

हा माझा अंदाज आहे आणि एका पत्रावरून बांधलेला अंदाज सपशेल चुकू शकतो. तुम्हाला तो पटला नाही तर सोडून द्या. पण एक तपासून पाहा. थेरपिस्ट रजेवर गेल्या तेव्हा नेमकं काय वाटलं? ‘काहीच नाही, रजा घेण्याचा त्यांना हक्कच आहे’ हे उत्तर पहिल्यांदा येईल. ते बरोबरच आहे. त्याच्या मागून जे येईल ते महत्त्वाचं.

त्यांच्या कमी बोलण्याविषयी. या पद्धतीत तुम्ही मनात येईल ते, क्रम न लावता, क्षुल्लक वाटलं तरी बोलावं अशी अपेक्षा असते. थेरपिस्ट भराभर सल्ले देऊ लागल्या तर तुम्ही पुन्हा शहाण्या विद्यार्थिनी व्हाल, सांगितलेलं सगळं नीट कराल आणि एक दिवस मन उठलं की निघून जाल. तुमच्या बाबतीत गृहपाठ न देण्यात शहाणपण असू शकतं. तरी गप्प बसणं म्हणजेच खोल काम, असं मानणाऱ्यांतली मी नाही. आजचे चांगले सायकोडायनॅमिक थेरपिस्ट पुरेसं बोलतात, आपण काय करतोय ते विचारल्यावर सरळ सांगतात. ‘तुम्ही इतकं कमी का बोलता? मला एकटं पडल्यासारखं वाटतं’ हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यावर ‘तुम्हाला असं का वाटतं?’ एवढंच उत्तर मिळालं तर ते मला अपुरं वाटेल.

आता यातून बदल कसा होतो ते. आपलं आपल्याला समजलं की माणूस बदलतो, हा गैरसमज फार पसरलेला आहे. कळतं पण वळत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेलच. ट्रान्सफरन्सला महत्त्व एवढ्यासाठी की जुनी गोष्ट तिथे नुसती आठवत नाही, ती त्या खोलीत चालू असते, आणि चालू असलेली गोष्टच वेगळ्या तऱ्हेने पुढे नेता येते. समजा, तुम्ही मेसेज वाचून दाखवलात. तुमचा आवाज कापेल. तुमचा एक भाग वाट बघेल की आता या दुखावतील, आजारी पडतील, थंडपणे ‘ठीक आहे’ म्हणतील. आणि त्या यातलं काहीच करणार नाहीत. रजेबद्दल तुम्हाला राग आला असेल तर मला तो ऐकायचाय, असं काहीसं म्हणतील. १९४६ मध्ये फ्रान्झ अलेक्झांडर आणि थॉमस फ्रेंच या मनोविश्लेषकांनी अशा अनुभवाला दुरुस्ती करणारा भावनिक अनुभव म्हटलं होतं. तो एकदा येऊन भागत नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कारणाने तुमचं मन पुन्हा उठेल, पुन्हा तेच बोलावं लागेल. मग कधीतरी ऑफिसात कुणी काही लागट बोलेल आणि राजीनामा लिहिण्याऐवजी तुम्ही त्या माणसाला म्हणाल, हे मला आवडलं नाही. या पद्धतीला वेळ लागतो तो या घोटून घेण्याला.

मैत्रिणीच्या थेरपीला मात्र नावं ठेवू नका. तिची थेरपी बहुधा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी, असावी. तिचे एक जनक ॲरन बेक स्वतः मनोविश्लेषक म्हणून शिकलेले होते. पॅनिक, फोबिया, मंत्रचळ अशा ठरावीक त्रासांसाठी मी आधी तिकडेच पाठवीन. तुमच्या झोपेसाठीसुद्धा. जुनाट निद्रानाशावर झोपेसाठी खास बनवलेली या पद्धतीची थेरपी आधी करावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. ती काही आठवड्यांचीच असते आणि थेरपिस्टना सांगून सोबत करता येते. झोप न लागून बेजार झालेल्या माणसाला नेणिवेत उतरायला लावण्यात काही शौर्य नाही.

पुरावा विचारलात तर तोही आहे, पण चमत्काराचा नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२९ रुग्ण होते, सगळ्यांना वर्षानुवर्षांचं नैराश्य, आधीचे उपचार फसलेले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्यातून एकदा दीड वर्ष मनोविश्लेषणावर आधारित थेरपी दिली, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. दीड वर्ष संपलं तेव्हा दोन्ही गटांत फार फरक नव्हता. पण त्यानंतर दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा थेरपी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोक गंभीर नैराश्याच्या निकषांतून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले १० टक्के. पूर्ण बरे झालेले मात्र थेरपीच्या गटातही १५ टक्क्यांच्या आसपासच. मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती उशिरा दिसलेला फरक. तुमचे काही महिने हा निकाल लावण्याचा काळ नव्हे.

आता दुसरा प्रश्न, त्यांचंच चुकत असलं तर. तुमची प्रत्येक तक्रार ‘हा तुमचा प्रतिकार आहे’ (म्हणजे तुमचं मनच उपचाराला विरोध करतंय) असं म्हणून त्या परतवत असतील, आपण नेमकं कशावर काम करतोय हे विचारूनही सांगत नसतील, स्वतःच्या आयुष्याची रडगाणी तुमच्यापुढे गात असतील, तर दुसरीकडे जा. आणि ‘तुमच्या लहानपणी नक्की काहीतरी घडलंय, तुम्हाला आठवत नाहीये’ असं म्हणून कुणी आठवणी खणून काढायला लागलं, तर त्याच दिवशी उठा. एलिझाबेथ लॉफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, मुळात न घडलेली गोष्ट नातेवाइकांच्या हवाल्याने सांगितली तर चोवीस जणांपैकी जवळपास पाव लोकांना ती थोडीफार ‘आठवू’ लागते. प्रश्न विचारणं आणि उत्तर पेरणं यातला फरक थेरपिस्टला कळलाच पाहिजे. तुमच्या पत्रावरून तरी त्या प्रश्नच विचारताहेत.

एक गोष्ट मधेच, पण महत्त्वाची. झोप नसणं, मन उठणं याच्याबरोबर जगू नये असे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. लगेच मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि जवळच्या एखाद्या माणसाला सांगा. औषधं आणि ही थेरपी एकत्र चालू शकतात.

मेसेज वाचून दाखवलात, रजेचं बोललात, त्यांचं ऐकलंत आणि महिनाभराने तरीही थांबावंसं वाटलं, तर तसं सांगा आणि लगेच त्याच दिवशी थांबू नका. शेवटासाठी म्हणून दोन-तीन सेशन वेगळी मागून घ्या. या पद्धतीत शेवट करणं हा उपचाराचाच भाग मानतात. शेवटची तारीख दोघींनी मिळून ठरवा. इथे काय मिळालं, काय मिळालं नाही, कशाचा राग राहिला, हे सगळं तिथे बोला. कारण सांगायची वेळ आली तर खरं कारण सांगा, मग ते कितीही अवघड असो.